गाळाचा वरचा थर

३ मार्च
पोचले एकदाची! बांदुंगहून निघताना आईनं डोळे पुसले होते, आणि इथे आचेच्या किनाऱ्यावर घरमालकीण माक साऊदांनी (माक म्हणजे आई, सगळे त्यांना तसंच म्हणतात) दारातच केळीच्या पानात उकडलेली गोड वडी, गरम तिंफान, हातात कोंबली. खोलीच्या खिडकीतून समुद्र दिसतो. रस्ता ओलांडला की आमचं संशोधन केंद्र. माकनी विचारलं, नेमकं करतेस काय? म्हटलं, समुद्रतळाच्या गाळात वाळूच्या कणाएवढे शिंपले असतात, हजारो वर्षांपूर्वी मेलेल्या जिवांचे. त्यांवरून तेव्हाचा पाऊस, तेव्हाची थंडी कळते. माक खो खो हसल्या. "मेलेले पावसाची बातमी देतात होय! मग उद्या कपडे वाळतील का, तेही विचार की, रेंगानिस."

८ मार्च
खाडीतून काढलेल्या गाळाची पहिली नळी उभी चिरली. हिरवट, लोण्यासारखा चिखल, थरावर थर, दहा-बारा हजार वर्षांचा. वर मात्र वीतभर भरड वाळू, २००४च्या त्सुनामीच्या लाटेनं आणून टाकलेली. मला तिचा काही उपयोग नाही. केंद्रप्रमुख पाक हमदानींनी बजावलंय, त्या थरात माणसाचं काही सापडलं तर काम थांबवायचं, दफनासाठी इमामांना कळवायचं.

ती वाळू धुताना चाळणीवर एक दात राहिला. दुधाचा.

कळवलं असतं तर सहा महिने कामाला टाळं. चाळणी मोरीत उलटी केली, नळ सोडला. कुणी पाहिलं नाही.

१० मार्च
जेवताना माकनी आपणहून सांगितलं. लाटेनं त्यांची नफीसा नेली. सहा वर्षांची होती. हाती काहीच लागलं नाही. "एक बोट मिळालं असतं ना, तरी त्याला कफन शिवलं असतं मी," म्हणाल्या, आणि माझ्या ताटात माशाचा मोठा तुकडा वाढला. घास तोंडात फिरत राहिला. तेव्हाच सांगायला हवं होतं. तिखट लागलं का, त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं.

१४ मार्च
मधला थर धुतला. पाच हजार वर्षं जुना. चाळणीवर दात.

वरची वाळू खाली घसरली असणार. असणारच. हाही मोरीत गेला. माझ्याच हातानं.

१५ मार्च
अगदी तळाचा थर. चार दात. हे टाकले नाहीत, वाडग्यात ठेवलेत. दुसरी नळी चिरली – तिच्यातही. भर दुपार, लख्ख ऊन, आणि मोरीतून कुणीतरी चूळ भरल्यासारखा आवाज –

१६ मार्च
वाडग्यात अठरा दात झाले. सगळे एकाच तोंडातले. जुळवून पाहिले, वरचे, खालचे. दोनच जागा रिकाम्या. मी वाहवून दिलेल्या.

संध्याकाळी माकना सगळं सांगितलं. वाडगं पुढे ठेवलं. वाटलं, मारतील. नुसतं म्हणाल्या, "आणि त्या दिवशी माझ्या हातचं जेवलीस ना गं?"

१७ मार्च
माक घरात नाहीत. वाडगंही नाही.

खिडकीतून – समुद्र मागे गेलाय. पार नजरेपलीकडे. उघड्या तळावर माक चालतायत. पुढे कुणीतरी लहान –

ओरडून सांगितलं. खिडकीखालच्या कॉफीच्या दुकानातले लोक हसले. पाणी तर जागच्या जागी आहे, म्हणतात.

माकनी तिचा हात धरलाय.

लांबवर पांढरी रेघ. वाढतेय.

ती पोर मागे वळली. माझ्याकडे. तोंड उघडलं – केवढं –

एकदा गप्प बसले. आता नाही. जाते – आवाज पोचेल का – माक, हात सोडा, ती नफीसा नाही –