मगरीच्या काठावरचा ओटा

बाबा,

आज रविवार. सकाळी साडेआठला मी मोरीत बसून गमबुटांची माती काढत होतो. विश्वामित्रीच्या काठची ती चिकट माती ब्रशनेही निघत नाही. आईने दारातून विचारलं, झालं का एकदाचं? मी हो म्हणालो आणि तुमची इतकी आठवण आली की बूट तसेच टाकून लिहायला बसलो.

तुम्ही रविवारी मला सायकलच्या दांडीवर बसवून पुलावर न्यायचात. खाली मगरी उन्हात पडलेल्या असायच्या. एकदा मगर हलेचना, म्हणून मी दगड उचलला. तुम्ही ओरडला नाहीत. माझ्या मुठीतून दगड काढून घेतलात आणि म्हणालात, "मगर बघायची तर हात खिशात." माझ्या चड्डीला एकच खिसा होता. दुसरा हात तुम्ही तुमच्या खिशात घेतलात. तिथे सुपारीचा चुरा होता, तो अजून बोटांना आठवतो.

तुम्ही गेल्यावर नववीतच शाळा सुटली. आता दांडिया बाजारात दुकानांच्या पाट्या रंगवतो, आणि उन्हाळ्यात सुट्टीच्या दिवशी मगरींची घरटी राखणाऱ्या चारपाच जणांबरोबर नदीवर जातो. यंदा होळीच्या सुमाराला शहराबाहेरच्या एका वळणावर, उंच काठात, एका मगरीने अंडी पुरली. कासवं चोरणारे तिथे जाळी लावतात, ती आम्ही काढत होतोच. पण पलीकडून जेसीबी काठ पोखरत येत होता. माती डंपर भरभरून विकली जात होती. आम्ही वनखात्यात अर्ज दिला, तिथले साहेब बघून गेले, आठवडाभर काम थांबलं, पुन्हा सुरू झालं. मी गुजरातीत पाटी रंगवली, इथे मगरीचं घरटं आहे, खोदू नका. एकही चूक नव्हती तिच्यात. डंपर रुतला तेव्हा त्यांनी ती चाकाखाली घातली.

शेवटी तिथे म्हशी चारणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईंनी, त्यांना सगळे बा म्हणतात, त्या जागेवर खोडियार मातेची लाल धजा रोवली. मगर हे मातेचं वाहन. जेसीबीवाल्याने खाली उतरून हात जोडले आणि मशीन मागे घेतलं. त्या दिवशी मी पोटभर जेवलो. पण पुढच्या रविवारी बघतो तर काय, गावातली मंडळी नारळ, चुनरी घेऊन आलेली, आणि धजेशेजारी विटा, सिमेंटच्या गोण्या. मातेला पक्का ओटा बांधायचं ठरलं होतं. नेमका अंड्यांवर. देवाच्या कामाला नाही कोण म्हणणार? मी बांनाच बाजूला घेतलं आणि म्हटलं, मातेचं वाहन खालीच आहे, वर ओटा झाला तर पिल्लं निघणार कुठून? बांनी माझ्याकडे असं पाहिलं जणू मीच विटा आणल्यात. "तो पहेलां बोलवुं हतुं ने, दीकरा," आधीच का नाही बोललास, असं म्हणाल्या, आणि सगळ्यांना दटावून ओटा बाभळीखाली सरकवला.

तरी मला झोप नव्हती. इतक्या पायांनी माती घट्ट झाली होती. आज उजाडताना आम्ही समोरच्या काठावर उभे आहोत, मातीतून पिल्लांचा बारीक आवाज येतोय, आणि मगर पायांनी उकरता उकरता थांबली. थांबलीच. वाटलं, पलीकडे जाऊन दोन्ही हातांनी माती काढावी. बा शेजारी पुटपुटल्या, "ऊभो रहे." मी उभा राहिलो. मग तिने पुन्हा उकरायला घेतलं, आणि थोड्या वेळाने जबड्यात पिल्लं धरून ती हळूहळू पाण्यात उतरली. जबड्याच्या फटीतून एक शेपटी वळवळत होती. पुन्हा वर आली, पुन्हा उतरली. बा हसल्या, आणि मला इतकं हलकं वाटलं की मी तिथेच मातीत बसलो.

पलीकडच्या वळणावर खोदाई अजून चालू आहे, हे मला माहीत आहे. पण हे वळण यंदा वाचलं. हा कागद तुमच्या जुन्या पॅन्टच्या खिशात ठेवणार आहे, आईने ती अजून कुणाला दिलेली नाही. आणि एक सांगतो. आज माझे दोन्ही हात खिशात होते, पण तुमचं ऐकलं म्हणून नव्हे. ते कापत होते, आणि बांना ते दिसू नये असं वाटत होतं.