तिसावं घर

सोमवार, ३ फेब्रुवारी
आजऱ्याहून साडेसहाची एस.टी. धरली, दहाला कसबा बावड्यात पोचलो. गळीत हंगाम चालू. रस्ताभर उसाच्या ट्रॉल्या आणि मळीचा वास. काम मात्र मनासारखं मिळालंय. मालक विजयसिंह वीस वर्षं मेक्सिकोत साखर कारखान्यांवर इंजिनीअर होते. तिकडं उत्तरेच्या कोरड्या मुलखात चारशे वर्षांपूर्वी स्पॅनिश लोकांनी सान तादेओ नावाची वसाहत वसवली होती. तिची हुबेहूब प्रतिकृती बंगल्याच्या दिवाणखान्यात उभी करायची. प्लास्टर नाही, तिथल्याच मातीची अकरा पोती आणलीत. माझ्याआधी आर्ट स्कूलचे दोघे पदवीधर काम अर्धवट टाकून गेले म्हणे. मी आठवी नापास सुतार. पण माझं प्रमाण कधी चुकत नाही. फुटाला पाव इंच, म्हणजे दोन सूत; साडेपाच फुटी माणूस अकरा सूत. राहायला बंगल्यातच खोली, खिडकीला जाळी, छान उजेड. लेकीला, निशिगंधाला, फोन केला: पंचवीसला तुझा साखरपुडा, तेवीसला मी घरी. तिची आई गेल्यापासून आम्ही दोघंच आहोत.

बुधवार, ५ फेब्रुवारी
जुन्या कागदांचं मराठी मालकांनी करून दिलंय. सगळं वाचलं. राजाचा नियम असा, की तीस कुटुंबं भरली तरच ते गाव. घर ज्याच्या नावाचं, त्यानं तिथून हलायचं नाही. ओढा मूळच्या लोकांचा; त्यांच्याकडूनच तटाच्या विटा पाडून घेतल्या आणि मग त्यांनाच हाकललं. दोन वर्षांनी तिसाव्या घरचा माणूस पळाला. उरलेल्यांनी वेस आतून चिणून टाकली. तीस भरल्याखेरीज उघडायची नाही. ओढा आटला तरी उघडली नाही. पुढं स्पॅनिशांच्या दुसऱ्या तुकडीनं वेस फोडली, तेव्हा एकोणतीस घरांत माणसं जागच्या जागी बसलेली होती. तोंडं मातीनं भरलेली.
वाचून झाल्यावर तांब्याभर पाणी प्यालो.

मंगळवार, ११ फेब्रुवारी
एकोणतीस घरं उभी राहिली, त्यांतले मातीचे पुतळेही. स्वयंपाकाच्या चिमणाबाई चहा आणतात, पण दिवाणखान्याच्या उंबऱ्याआत पाऊल टाकत नाहीत. आज म्हणाल्या, तिसावी जागा मोकळीच ऱ्हाऊ द्या पावणं, आदल्या दोघांनीबी तशीच सोडली म्हणून तर ते घरला गेले. मी सांगितलं, बाई, तीस म्हणजे तीस. एक घर गाळून प्रतिकृती करणं ही लबाडी झाली. तुम्ही आमटीत मीठ गाळता का? त्या हसल्या नाहीत.
संध्याकाळी मालकांनीही दारातूनच काम पाहिलं. शिकलेल्यांना जमलं नाही ते तुम्ही केलंत, म्हणाले, शेवटच्या घरावर नाव घाला तुमचं. सांगायची गरज नव्हती. पंचवीस वर्षांत माझ्या हातचं एकही काम नावाशिवाय गेलेलं नाही. रात्री तिसावं घर उभं केलं आणि ओल्या उंबऱ्यावर दाभणानं कोरलं: जोतीराम, आजरा.

गुरुवार, १३ फेब्रुवारी
एक पुतळा जास्त आहे. तिसाव्या दारात. मी केलेला नाही. माझे सगळे अकरा सूत, हा साडेदहा. माझी उंची सव्वापाच फूट. हिशेब बरोबर येतो. रंधा मारून मारून माझा उजवा खांदा उतरलाय, त्याचाही उतरलेला.

शनिवार, १५ फेब्रुवारी
सकाळी काम टाकून घरी निघालो. स्टँडवर आजऱ्याच्या गाडीत बसलो. कंडक्टरनं कुठं विचारलं, मी तोंड उघडलं, तर शर्टावर माती सांडली. नंतर पाहतो तो मी दिवाणखान्यात, बारा वाजलेले. दुपारी परत गेलो. तेच.
मालक कुठं आहेत विचारलं. चिमणाबाई पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "ती माती आणल्यापासनं चार वर्सं मालक ह्या गेटाभाईर पडलं न्हाईत. तुमचं नाव लागलं, परवा पडलं. आता कशाला येत्यात?"

सोमवार, १७
नाव खरवडायला गेलो. दाभण मोडलं. पटाशी मोडली. माती लोखंड झालीय.
पोत्याखाली कागदाचं एक पान सापडलं, मालकांनी मला न दिलेलं. त्यावर लिहिलंय: घरधनी आला की त्याची माणसं आणायची. एकट्याचं कुटुंब धरत नाहीत.

मंगळवार, १८
निशिगंधाचा फोन. आवाज असा का म्हणाली, न्यायला येते म्हणाली. मी म्हणणार होतो, येऊ नकोस. माझ्याच तोंडून माझ्याच आवाजात निघालं — ये बाळ, वाट बघतोय.
ते मी बोललो नाही. इथं लिहून ठेवतो. मी नाही.

बुधवार
फोन हातात मातीचा झालाय. चिमणाबाई आल्या नाहीत. खोली मोजली, दहा बाय बाराची — आता आठ बाय नऊ. खिडकी चिणलेली.
पाणी —

गुरुवार
तिसाव्या घरापुढं दुसरा पुतळा. ओला अजून. दहा सूत. निशिगंधा बरोबर पाच फूट आहे, दरवर्षी वाढदिवसाला मीच चौकटीवर खूण —
मोडायला गेलो. बोटं वळत नाहीत. लिहिता येतंय तेवढंच —

गेट वाजलं. अण्णा म्हणून हाक मारतेय. बाहेरच थांब — पायरीवर चपला काढतेय — ओरडतोय मी, तोंडात नुसती —

दिवाणखान्याच्या उंबऱ्याशी आली. निशे, मागं —