कॅशलेस धडधड

२ एप्रिल
कंपनीचं विम्याचं कार्ड मोबाईलवर आलं. बियाण्याच्या कंपनीत फील्डमन म्हणून लागलो काय आणि लगेच विमा काय! ह्याला करिअर म्हणतात. रूममेट बालाजीला दाखवलं. तो म्हणाला, मेल्यावर कुणाला मिळतंय बे हे? म्हटलं, येड्या, हा जिवंत माणसांचा विमा आहे.

ह्यात मानसिक आजारसुद्धा बसतात. म्हणजे माझी धडधड बसती. मला आजार न्हाई. नुसती धडधड आहे. चार लोकांनी एका जागी बसवून माझ्याकडं बघितलं की छाती उडायला लागती, तळहाताला घाम सुटतो आणि पाय आपोआप एसटी स्टँडकडं निघतात. इंग्रजीत ह्याला एन्झायटी म्हणतात. घरचे भटक्या म्हणतात.

संकल्प: २८ तारखेला औशाला अयोध्याशी साखरपुडा. त्याच्या आत विम्यातून एक नंबर थेरपिस्ट गाठायचा आणि पाटावर शेवटपर्यंत बसायचं. मागच्या वर्षी देगलूरच्या सोयरिकीत पाणी प्यायला म्हणून पाटावरून उठलो, ते तेलंगणात बोधनला उतरलो. सोयरीक मोडली. बस मात्र चांगली होती.

५ एप्रिल
विम्याच्या ॲपवर नांदेडात मनाचे दवाखाने दोन. पहिल्याच्या पत्त्यावर टाईल्सचं दुकान. दुकानदार भला माणूस. म्हणाला, डॉक्टर दोन वर्षांखालीच गेले, पण पेशंट अजून येतात. मी त्यांना चहा पाजतो, रडून झालं की जातात. मलाही पाजला. मग टाईल्स बघत बसलो. लग्नानंतर बाथरूमला निळ्याच घ्यायच्या, हे फायनल केलं. म्हणजे दिवस वाया गेला न्हाई.

दुसरा दवाखाना उद्या. सकाळी सकाळी.

९ एप्रिल
उद्या जमलं न्हाई. मधे मुदखेडला हळदीचा प्लॉट बघायला गेलो आणि जंक्शनवर गाड्या बघत बसलो. तोही एक उपचारच आहे.

दुसरा दवाखाना बाळंतपणाचा निघाला. सिस्टरनं विचारलं, मिसेस कुठं आहेत? म्हटलं, साखरपुडा २८ ला आहे. बाकावरच्या सगळ्या बायांनी मान वर करून माझ्याकडं बघितलं. आलो निघून.

हेल्पलाईनला फोन लावला. पोरगी हिंदीत लई गोड बोलली. दर वाक्याला सर. आमच्या घराण्यात आजवर कुणालाच कुणी एवढं सर म्हटलं न्हाई. अर्धी धडधड तिथंच कमी झाली. मग म्हणाली, नुसतं भेटून बोलायचं असेल तर कव्हर नहीं होगा सर, एडमिट होना पड़ेगा सर. म्हटलं, बोलायसाठी ॲडमिट? म्हणाली, पॉलिसी है सर. लातूरच्या एका मॅडमचा पत्ता दिला तिनं.

१२ एप्रिल, लातूर
आलो. कंपाउंडर भर वेटिंगमध्ये ओरडला, नांदेडचा पेशंट कोण? म्हटलं, पेशंट माझा मित्र आहे, मी नुसती चौकशी करून राहिलो.

उज्ज्वला मॅडमनं शांतपणे ऐकून घेतलं. मित्राला भीती कधीपासून वाटती, विचारलं. म्हटलं, शाळेत फळ्याजवळ उभं करायचे तेव्हापासून, म्हणजे असं तोच मला म्हणाला. मॅडमनं लिहून घेतलं. म्हणाल्या, मित्राला सांगा, दर आठवड्याला यायचं, बोलायचं, थोडा सराव करायचा. कमी होतं हे. विचारलं, ॲडमिट कधी करता? म्हणाल्या, गरज न्हाई. म्हटलं, एक रात्र तरी ठेवून घ्या. म्हणाल्या, मित्राला झोपायचंच असेल तर समोर लॉज आहे.

मत: बाईंना अनुभव कमी दिसतो. ऐकतात लई, ॲडमिट करत न्हाईत. बाद.

१५ एप्रिल
डोकं चालवलं. छातीत दुखतंय म्हणून नांदेडातच ॲडमिट व्हायचं, कॅशलेस. एकदा आत गेलो की म्हणायचं, आता मनाचा डॉक्टर इथंच बोलवा. एवढं साधं कुणाला सुचलं न्हाई, ह्याचं नवल वाटतं. बालाजीच्या ओळखीचं हॉस्पिटल आहे. त्याला गळ्याची शपथ घातली, कुणाला सांगायचं न्हाई. तो म्हणाला, सांगायला मी काय लहान आहे का?

१६ एप्रिल
ॲडमिट. एसी रूम, सलाईन, छातीला वायरी. उभ्या जन्मात एवढा निवांत झोपलो न्हाई. ईसीजी नॉर्मल. मनाच्या डॉक्टरचं विचारलं तर सिस्टर म्हणाली, तसे इथं न्हाईत, हाडांचे आहेत, बोलवू का?

बालाजीनं मात्र शपथ पाळली. कुणाला सांगितलं न्हाई. माझा सलाईनसकट फोटो स्टेटसला ठेवला. खाली, भाऊ लवकर बरा हो.

१७ एप्रिल
सकाळीच गावाकडून जीप भरून माणसं आली. आमच्याकडं माणूस ॲडमिट झाला की भेटायला न जाणं म्हणजे कायमचं वैर. त्यामुळं ज्यांचं माझ्याशी बोलणं न्हाई, तेसुद्धा केळी घेऊन आले. आई दारातच रडायला लागली. सटवाजीमामानं माझ्या कॉटवर बैठक मारली आणि जाहीर केलं, हार्टची नळी बंद झालीय, चेहऱ्यावरच दिसतंय. ज्ञानोबाकाका म्हणाले, तंबाखूनं होतं ते. मामा म्हणाला, तो खात न्हाई. काका म्हणाले, मग न खाल्ल्यानं.

सगळे गोल उभे राहून माझ्याकडं बघायला लागले. छाती उडायला लागली. मशीन वाजायला लागलं. सिस्टर पळत आली. मामा म्हणाला, बघा, मी म्हटलं नव्हतं?

तेवढ्यात औशाहून व्यंकटराव, म्हणजे अयोध्याचे वडील, नारळपाणी घेऊन हजर. सोबत अयोध्या. ती तिकडं ऑनलाईन सेंटर चालवती. सरकारी साईट दिवसभर बंद असली तरी तिचं डोकं फिरत न्हाई. तिनं एवढंच विचारलं, नक्की काय झालंय? सगळी जीप ऐकून राहिली होती. म्हटलं, किरकोळ आहे. ती म्हणाली, किरकोळीला एवढ्या वायरी?

२० एप्रिल
विम्यानं क्लेम नाकारला. म्हणे, नुसत्या तपासणीसाठी ॲडमिट झालात. हेल्पलाईनवर ह्यावेळी पोरगा होता. त्यानं एकदाही सर म्हटलं न्हाई. बिल मामानं भरलं आणि गावभर सांगितलं.

त्याहून वाईट: औशाहून निरोप आला. पोरगा चांगला आहे, पण हार्टचा पेशंट आहे, पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आहे, थोडं थांबू.

म्हणजे मोडली. पळून न जाता मोडली. हा अनुभव नवीन आहे. बालाजी म्हणाला, खरं सांगून टाक की बे. म्हटलं, सांगणारच होतो. रात्रीपासून जेवण जाऊन न्हाई राहिलं. अयोध्याचं ते, किरकोळीला एवढ्या वायरी, कानातून निघत न्हाई.

२३ एप्रिल, औसा
मामाला घेऊन गेलो. वाटेत भाषण पाठ केलं. सुरुवात: उपस्थित मान्यवर, एन्झायटी ही एक जागतिक समस्या आहे.

ओसरीवर सगळे बसलेले. व्यंकटराव, त्यांची बहीण गुणाबाई, भाऊबंद. अयोध्या दारात उभी. भाषण विसरलो. म्हटलं, मला हार्टचं काही न्हाई. मला भ्या वाटतं. माणसं बघायला लागली की भ्या वाटतं. देगलूरला पाणी प्यायला म्हणून पाटावरून उठलो, ते ह्यापायीच. आत्ताबी वाटून राहिलंय.

मग गुणाबाई म्हणाल्या, भ्याच हाय व्हय! आम्ही म्हटलं हार्टफेल. सगळे असे खूश झाले जसं मला नोकरीच लागली. चहा सांगितला. व्यंकटराव म्हणाले, मलाबी तलाठ्यापुढं बसलं की धडधडतंय. मामा मांडीवर थाप मारून हसला. म्हणाला, आरं, ह्यासाठी दवाखाना व्हय? शेतात चार दिवस नांगर धर, सगळं भ्या मातीत जातंय. तारीख २८ च पक्की.

माझं काम झालं होतं. तेवढ्यात अयोध्या दारातून म्हणाली, २८ ला साखरपुडा न्हाई. आधी डॉक्टर.

व्यंकटराव म्हणाले, अगं, त्याला काही झालंच न्हाई. ती म्हणाली, झालंय, आत्ताच सांगितलं त्यांनी, तुम्ही ऐकलं न्हाई. मग माझ्याकडं वळून म्हणाली, लातूरला कुणी दाखवण्याजोगं आहे का? म्हटलं, आहेत एक मॅडम, पण त्या ॲडमिट करत न्हाईत. ती म्हणाली, वायरी लावून घ्यायला सगळं गाव गोळा केलं, चार शब्द बोलायला काय झालं? विम्यात बसत नसलं तर न बसू दे. मी तुमचं नाव नोंदवते. तिथून उठून गेलात तर मात्र परत औशाला उतरू नका.

नमतं घेतलं. मुलीच्या मनासाठी करावं लागतं.

२८ एप्रिल, लातूर, मॅडमच्या दवाखान्यात
तयारी उत्तम होती. इस्त्रीचा शर्ट. आज मित्र वगैरे काही न्हाई, सरळ माझं नाव सांगायचं आणि एका बैठकीत निकाल लावायचा.

एकटाच येणार होतो. पण आजारी माणसाला एकटं पाठवायची आमच्याकडं पद्धत न्हाई. गावची जीप आली. औशाची पण आली. वेटिंगमध्ये आमचीच माणसं. कंपाउंडर म्हणाला, पेशंट कोण? सगळ्यांनी माझ्याकडं बोट केलं.

माझं नाव पुकारलं. मी उठायच्या आत मामा उठला. म्हणाला, थांब रे, पोराचं काय काय ते बाईला मी आधी सांगून येतो, दोन मिनिटांचं काम हाय. आणि आत गेला.

अजून आला न्हाई. आधी आतून त्याचा मोठा आवाज येत होता. मग बारीक झाला. मग नाक शिंकरल्यासारखं ऐकू आलं. कंपाउंडर आत डोकावून आला आणि म्हणाला, तुमचा टाईम तिकडंच संपून राहिलाय, तुम्हाला पुढचा आठवडा. म्हटलं, डॉक्टर मी शोधली! म्हणाला, हो, पण ते सांगून राहिले आहेत.

मामाचं काय असेल? नांगरानं जात न्हाई वाटतं.

समोर सगळी बसलीत, आळीपाळीनं माझ्याकडं बघतात. छाती उडून राहिलीय. माणसांच्या मानानं बाकडी कमी, ज्ञानोबाकाका केव्हाचे भिंतीला टेकून माझ्या जागेवर डोळा ठेवून आहेत. अयोध्या शेजारी बसलीय. तिनं हळूच विचारलं, पाणी प्यायला जायचंय का?

म्हटलं, न्हाई. उठलो तर जागा जाईल.