पाच वाजताचे आठ टोले

मी, इंदू गुलाब सोमकुवर, वय अडुसष्ट, राहणार मिलच्या गेटसमोर, सौंसर, जिल्हा पांढुर्णा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. बी.पी.ची गोळी घेतली आहे, चहा झाला आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. उलट माझेच सगळ्यांवर असते, असे माझी सून दीपाली म्हणते. वकील तृप्तीबाई शेजारी बसल्या आहेत. "मावशी, एवढं लांबण लावू नका, कोर्टात कोण वाचणार?" असे त्या म्हणून राहिल्या आहेत. कोर्टाने नाही वाचले तरी चालेल, माझी माणसे वाचतील. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. मरायला सवड नव्हती.

१. घर. दोन खोल्या, ओटा, मागे संत्र्याचे एक झाड. हे घर मी आणि माझे पती गुलाब यांनी मिलच्या पगारातून बांधले. ते फिटर होते, म्हणून भिंती वाकड्या असल्या तरी दारे नीट लागतात. ते जाऊन नऊ वर्षे झाली. हे घर माझा एकुलता मुलगा प्रतीक याला मिळावे, पण कलम ३ मधली अट पाळली तरच.

२. रूळ. ओट्यावर तारेने टांगलेला हातभर रुळाचा तुकडा आणि सोबतचा हातोडा. रेल्वेची छोटी लाईन उखडली तेव्हा माझ्या यांनी तो रामाकोना गावच्या भंगारवाल्याकडून विकत आणला. चोरलेला नाही, पावती उंदरांनी खाल्ली. मिलने भोंगा बंद केला, त्या दिवसापासून मी कामाच्या दर दिवशी बरोबर पाच वाजता यावर आठ टोले देते. भोंग्याने शेजाऱ्यांना त्रास होतो, असे मिलने फलकावर लावले होते. शेजारी मीच. मला कोणी विचारले नाही.

याची हकीकत लिहिणे भाग आहे. मी एकतीस वर्षे याच मिलच्या वाइंडिंग खात्यात सूत गुंडाळले. आता दीपाली तिथे ठेक्यावर आहे. आधी भोंगा गेला. मग खात्यातले भिंतीवरचे घड्याळ दुरुस्तीला गेले, ते अजून येऊनच राहिले आहे. मोबाईल गेटवर जमा करावे लागतात, आणि जमा करून घेणारा ठेकेदाराचा माणूस म्हणजे माझाच प्रतीक. नवे नियम आले तशी सकाळी नऊची पाळी रात्रीपर्यंत ताणता येऊ लागली. बायकांची संमती असेल तर, असे कागदावर आहे. संमती म्हणजे भरतीच्या दिवशी कोऱ्या कागदावर घेतलेली सही. आठ तासांनंतरचे काम ओव्हरटाइम म्हणून लिहायला पाहिजे, हे अजूनही खरे आहे. पण आठ तास कधी झाले हे आत कळलेच नाही, तर काय कपाळ लिहिणार? माझे टोले खिडकीजवळच्या बाईला ऐकू जातात. ती आठ बोटे वर करते. तिला पाहून पुढची, मग तिच्या पुढची. अख्ख्या खात्याचे हात वर झाले की मुकादमाला लिहावेच लागते.

आमची कामगार सभा एके काळी तीनशे जणांची होती. मग एका मिलचे चार ठेकेदार झाले. मिल म्हणते, तुम्ही आमचे कामगार नाहीत. ठेकेदार म्हणतो, तुमची युनियन माझी नाही. संप करायचा तर चौदा दिवस आधी लिहून द्या. ठेक्यावरच्या बाईला घरी बसवायला मात्र चौदा मिनिटे पुरतात. निवडणुकीत सगळ्या रंगांचे गमछे माझ्या ओट्यावर चहा पिऊन गेले. "मावशी, आम्ही तुमच्या पाठीशी आहो." पाठीशीच आहेत. पुढे कोणी आला नाही.

मिलने पोलिसांत माझ्यावर चिथावणीची तक्रारही दिली. एक शिपाई चौकशीला आला. त्याला चहा दिला. म्हणाला, "हे काऊन वाजवता बाई?" मी म्हटले, "आठ तास झाले हे सांगायले. तुमची ड्यूटी कधी सुरू झाली साहेब?" तो बोटे मोजत बसला, मग म्हणाला, "माय व! माही तं दुपारीच संपली." चहा पिऊन घरी गेला, पुन्हा आला नाही.

३. अट. माझ्यामागे प्रतीकने कामाच्या दर दिवशी पाच वाजता आठ टोले द्यावेत किंवा द्यायला लावावेत. आजारपण सोडून एक दिवस जरी चुकला, तर घर कामगार सभेचे होईल. मुलगा गुणी आहे, पण खातो ठेकेदाराचे. मी गेल्यावर तो रूळ उतरवून मागच्या मोरीत टाकेल, ही भीती मला झोपू देत नाही. ते मी त्याला तोंडावर सांगितले. तो म्हणाला, "माय, नोकरी गेली तं खाऊ काय, टोले?" मी रागावले आणि अट तशीच ठेवली.

४. हेमराज यांस. हे प्रतीकचे ठेकेदार. मिलमधल्या जुन्या एकवीस दिवसांच्या संपात हेच कामगार सभेचे सेक्रेटरी होते, आणि एकवीसही दिवस माझ्या घरी जेवले. वांग्याची भाजी दोनदा घेत. आज ते माझे घर विकत घ्यायला माणूस पाठवतात. ट्रकला वळायला जागा पाहिजे म्हणे. ट्रक आजवर मजेत वळत आले. हेमराज यांना मी ते जेवत ती स्टीलची थाळी देते. स्वच्छ घासलेली आहे. त्यांनी रोज तीत जेवावे आणि घास उतरतो का ते पाहावे.

५. पाणी भरायचा तांब्याचा गुंड. हा माझी मैत्रीण देवकाबाई हिला द्यायचा होता. पण ती साक्षीदार आहे, आणि साक्षीदाराला काही ठेवता येत नाही, असे तृप्तीबाई सांगतात. देवकाबाई रुसली. "मंग मी सही करत नाही, जाय!" तिला सांगितले, गुंड आत्ताच उचल, मी अजून जिवंत आहे. तिने उचलून मांडीवर घेतला आहे.

६. माझ्या यांची पाना-पक्कडांची पेटी दीपालीला. घरातला मिक्सर, पंखा, सायकल सगळे तीच दुरुस्त करते. प्रतीकला स्क्रू कोणत्या बाजूने फिरतो ते अजून माहीत नाही. कामगार सभेचे रजिस्टर, शिक्का आणि पावतीपुस्तकही तिलाच.

७. माझी अंत्ययात्रा पाच वाजल्यानंतर काढावी. आधी काढली तर बायांचा अर्धा दिवस कापला जाईल, आणि मला वरून शिव्या पडतील. गेटसमोर दोन मिनिटे थांबावे. रडू नये, फार तर देवकाबाईने रडावे, तिला आवरत नाही.

८. हे कलम लिहायचे ठरले नव्हते. सातवे कलम लिहिता लिहिता पाच वाजले. मी उठू लागले, तर गुडघा आखडला. देवकाबाईला म्हटले, "जाय व, टोले दे!" ती मांडीवरचा गुंड खाली ठेवते तोवर रूळ वाजला.

आम्ही सगळे मोजत राहिलो. बरोबर आठ.

दारातून पाहिले, तर ठेकेदाराचा निळा शर्ट घातलेला प्रतीक हातोडा घेऊन ओट्यावर उभा. गेट सोडून आला होता. म्हणाला, "पाच वाजून दोन मिनिटं झाली न माय! तू बसूनच राहिली. दीपाली तिकडं आत टोल्यांची वाट पाहून राहिली." रस्त्यापलीकडून हेमराज पाहत होते. प्रतीकने हातोडा जागेवर ठेवला. म्हणाला, "उद्या काढतीन मले."

काढतील. मला रडू आले, लपवत नाही. मग मी पावतीपुस्तक काढले आणि कामगार सभेच्या सभासदत्वाची पावती प्रतीकच्या नावाने फाडली. तारीख आजची टाकली. काढतील तेव्हा सभासदाला काढले असे झाले पाहिजे, म्हणजे सभेला त्याच्यासाठी भांडता येईल. तृप्तीबाईंनी ती दोनदा वाचली आणि पहिल्यांदाच म्हणाल्या, "हे बरोबर लिहिलं."

कलम ३ मधली अट आणि कलम १ मधला तिचा उल्लेख मी खोडला आहे. खाडाखोडीजवळ माझी व साक्षीदारांची सही आहे. घर प्रतीकचे.

लिहून देणार : इंदू गुलाब सोमकुवर

साक्षीदार :
१. देवकाबाई, वाइंडिंग खाते, निवृत्त (गुंड मिळाला)
२. मोरेश्वर, गेटसमोरचा चहावाला

ठिकाण : सौंसर
दिनांक : ११ फेब्रुवारी २०२६, बुधवार
वेळ : पाच वाजून वीस मिनिटे. आठ तास झालेले आहेत.