सखा असो वा सोदर असो

६ मार्च

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि. यातली विनंती आज शोभेची नाही, खरोखरची आहे. मला एक चादर पाठवून दे.

माझी पिवळी चादर, जिने कित्येक उन्हाळे माझ्या देहाचं डासांपासून रक्षण केलं, तिचं सोमवारी संध्याकाळी अपहरण झालं. अपहरणकर्ते आपले तीर्थरूप. मी शाळेतून आलो तेव्हा ती बैठकीच्या खोलीत जमिनीवर आडवी पसरलेली होती आणि तिच्यावर बाबा, कोपऱ्यावरचा सलूनवाला आणि लाल बसचा कंडक्टर असे तिघे गुडघे टेकून बसले होते. काळ्या रंगाचा डबा उघडा होता. मी निषेध नोंदवला. बाबांनी वर न पाहता सांगितलं की घरात दुसरं काही पिवळं नाही. युक्तिवाद बिनतोड होता. आपल्या फुटबॉल क्लबाचा रंग पिवळा आणि मीही क्लबाचाच. तेव्हा चादरीने आपलं कर्तव्य केलं असं समजून मी बूट काढले. लग्न केलं असतं तर निदान चादर वाचवायला कोणी तरी घरात असतं, हे तुझं वाक्य तू लिहिण्याआधी मीच लिहून टाकतो.

कारण तुला पेपरातून कळलं असेल. मास्तरांना काढलं. फाटकावर तीन ओळींचा कागद लावला होता, त्यात लिहिलं होतं की क्लब आणि मॅनेजर परस्परसंमतीने वेगळे होत आहेत. मी आयुष्यभर समास शिकवले, पण या शब्दातल्या 'परस्पर'पैकी एकाचंही तोंड मला कधी दिसलेलं नाही. चार सामने हरलो हे खरं. पण ज्या माणसाने गल्लीतली पोरं उचलून संघ उभा केला, त्याला कागद चिकटवून घालवायचं? बाबांनी तो कागद वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला आणि घरी येऊन ते थेट माझ्या खाटेकडे गेले. तुला आठवत असेल, आई गेली तेव्हा मास्तर आले होते. सांत्वनाचा एक शब्द बोलले नाहीत. बाबांशेजारी चहा गार होईपर्यंत बसले आणि उठून गेले. बाबांच्या लेखी तेव्हापासून ते घरचेच.

असो. मंडळींनी ठरवलं की मास्तरांच्या जागी जो कोणी येईल, त्याच्या पहिल्या सामन्याला पूर्वेकडच्या आपल्या सबंध स्टँडने पाठ फिरवून उभं राहायचं. घोषणा लिहायचं काम माझ्याकडे आलं. त्यांना पहिली पाच मिनिटं हवी होती. पण पाच मिनिटं चालीत काही केल्या बसेनात, मध्यंतर मात्र अलगद बसलं. शेवटी असं झालं:

मास्तरांच्या जागी बसे जो, सखा असो वा सोदर असो,
मध्यंतराची शिट्टी होईतो त्याला आमची पाठ दिसो.

सलूनवाल्याने विचारलं की सोदर म्हणजे कोण. मी सांगितलं, सख्खा भाऊ. तो म्हणाला की हे म्हणजे फारच कडक झालं. बाबांना तर तोच शब्द सगळ्यात आवडला. चादरीवर तो इतरांपेक्षा मोठा रंगवलाय.

आपले बंधू, धाकटे महाराज, सोमवारपासून घरी फिरकलेले नाहीत. ते मास्तरांचे सहायक, तेव्हा गुरू गेल्याचं दुःख करत बसले असतील, असा बाबांचा निर्वाळा. त्याला एकटं सोडा म्हणतात. स्वतः मात्र घरातल्या एका वस्तूला एकटं सोडत नाहीत. काल रेडिओ उघडला, आज कपाटाच्या कड्या.

तुझ्या वॉर्डातल्या समस्त भयभीत रुग्णांना माझी सहानुभूती कळव. माझ्यावरचा लोभ चादरीच्या आकारात आला तरी चालेल.

तुझा,
पंडित

———

१० मार्च

चि. पंडितास,

अ. उ. आ.

चादर पाठवते आहे. पांढरी आहे, हॉस्पिटलसारखी. ती कोणी पळवणार नाही.

आता विनोद बाजूला ठेव आणि हे पत्र बाबांच्या हाती लागणार नाही असं ठेव. फोन करणार होते, पण तुमचा फोन बाबांच्या खुर्चीला खेटून. तू 'हो' आणि 'बरं' एवढंच बोललास तरी ते बाकीचं ओळखतात.

धाकट्याने परवा मला वॉर्डात फोन केला. ड्रेसिंगच्या वेळी. मी रागावणार होते, पण त्याचा आवाज ऐकून हातातला ट्रे खाली ठेवला. क्लबाने मास्तरांची जागा त्याला देऊ केली आहे. उरलेल्या मोसमापुरती, जमलं तर पुढेही. त्याने आठवडाभराची मुदत मागून घेतली आहे. घरी का येत नाही, ते कळलं का आता? दुःखबिःख नाही, भीती आहे. बाबांनी चादर रंगवली हे त्याला कळलंय. काय लिहिलंय तेही कळलंय.

त्याला ती जागा हवी आहे, पंडित. तो तसं म्हणाला नाही, पण मी त्याला लहानाचा मोठा केला आहे. लहानपणी तुम्ही सगळे गोल मारायला धावायचात, तेव्हा हा एकटा कडेला उभा राहून कोणी कुठे जायचं ते ओरडून सांगायचा आणि तुमचा मार खायचा. आयुष्यभर तो याच एका जागेकडे पाहत आला आहे. आणि ती त्याला मिळते आहे ती अशी. घेतली तर बाबा दुरावले, नाही घेतली तर ती परत येणार नाही.

तेव्हा दोन गोष्टी कर. एक, धाकट्याचं नाव न घेता बाबांच्या मनात काय आहे त्याचा अंदाज घे. दोन, तुझी ती कविता मागे घे. निदान पाच मिनिटांवर आण. चालीत बसत नसेल तर चाल बदल.

जेवणाच्या वेळा पाळ. बाबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या ते घेतात की नुसत्या मोजतात ते बघ. माझा आशीर्वाद आहेच, पण तो सांगितलेलं ऐकणाऱ्यालाच लागू पडतो.

ताई

———

१५ मार्च

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि.

चादर पोचली. तिच्यावर झोपलं की सकाळी कोणी तरी ताप बघायला येईल असं वाटतं.

तुझी दोन्ही कामं केली आणि दोन्ही बिघडवली. क्रमाने सांगतो.

आधी सलूनमध्ये गेलो. केस वाढले नव्हते तरी खुर्चीत बसलो आणि कात्री चालू झाल्यावर म्हटलं की मध्यंतरापर्यंत जरा लांबतं, लोकांच्या पायांना त्रास होईल, पाच मिनिटंच करू या. सलूनवाला हात थांबवून आरशातून माझ्याकडे पाहत राहिला. म्हणाला, पंडित, इतकं सुरेख लिहून आता तुम्हीच कच खाता? मग कळलं की प्रकरण माझ्या हातचं राहिलेलं नाही. कंडक्टर तिकीट फाडताना ती घोषणा म्हणतो. आठवीच्या वर्गात मी शिरलो तर मागच्या बाकांनी एका सुरात म्हटलं, आणि चाल चोख. वीस वर्षांत या मुलांनी माझ्याकडून एक श्लोक धड पाठ केला नाही. लेखकाला मिळावी अशी कीर्ती, पण आता ती कुणाला तरी देऊन टाकावीशी वाटते.

मग बाबा. ते दाराची बिजागरी काढून तेल घालत होते. दार निघालेलं असल्यामुळे खाजगी बोलायची सोय नव्हती, तरी मी सहज म्हणावं तसं म्हटलं की समजा, सहायकालाच बढती दिली तर? बाबा हसले, ताई. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. म्हणाले की तो कशाला घेईल, मास्तरांच्या घरी जेवलेला पोरगा तो. आणि मला स्क्रू धरायला सांगितला. मी धरला. 

त्यांचं हल्ली असं चाललंय की बसले की उठतात. मैदानाच्या फाटकापर्यंत जातात, कागद बघतात, परत येतात. मधले दोन आठवडे सामने नाहीत, तेही नडतंय. घरात आता एकही कडी, मूठ किंवा नळ असा उरला नाही की जो घट्ट केलेला नाही. मला आंघोळीला बादली भरायची तर पकड घेऊन जावं लागतं.

धाकट्याच्या खोलीवर गेलो होतो, दोन गल्ल्या पलीकडे. कुलूप. शेजारीण म्हणाली की आत्ताच तर होता. म्हणजे माझी चाहूल ओळखून तो मागल्या दाराने गेला. आपल्या घराण्यात ही विद्या फक्त तुझ्यापासून पळण्यासाठी वापरली जाई. मला हा मान प्रथमच मिळाला.

काय करू ते लिही. ओरडून लिहिलंस तरी चालेल, त्यातली माया मला काढून घेता येते.

तुझा,
पंडित

———

१८ मार्च

ती. दादास,

सा. न. वि. वि.

दोन गल्ल्यांवरून पत्र टाकतोय, हस. समोर आलो तर तू काही तरी गमतीचं बोलशील, मी हसेन आणि सांगायचं राहून जाईल.

मी हो म्हणालो. शुक्रवारी फाटकावर लावतील.

आधी मास्तरांकडे गेलो होतो. ते कुंड्यांना पाणी घालत होते. म्हणाले की बाहेरचा आला तर पहिली आपली पोरं काढेल आणि विकतचे आणेल. तू घे आणि त्यांना सांभाळ. एवढंच. थांब, चहा घे, असं म्हणाले नाहीत. नेहमी म्हणायचे. त्यांनाही वाईट वाटलंच असणार. पण पोरांसाठी सांगितलं.

तुझी घोषणा चांगली झालीय. आमची पोरं कपडे बदलताना तीच गुणगुणत होती, मी आत आलो तशी गप्प झाली. मी म्हटलं, म्हणा, माझ्या भावाचीच आहे. तू ती बदलू नकोस. लोकांनी पाठ फिरवली तर त्यांचं बरोबर आहे. मी तिकडे स्टँडमध्ये असतो तर मीही फिरवली असती.

फक्त बाबांनी ते फाटकावर वाचू नये. तू सांग. मी शनिवारी दारापर्यंत आलो होतो. दार बाजूला भिंतीला टेकवून ठेवलेलं, आत त्यांची पाठ दिसली, काही तरी ठोकत होते. परत गेलो.

रविवारी पहिला सामना आहे, जमलं तर तू ये. कुठे तोंड करून उभा राहतोस ते मी बघणार नाही.

लोभ कमी झाला असेल तर आत्ताच कळव, रविवारनंतर नको.

धाकटा

———

२७ मार्च

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि.

तुझे तीन फोन आले आणि तिन्ही वेळा मी 'हो, बरं' केलं. आता सविस्तर लिहितो.

गुरुवारी सकाळी बाबांना सांगितलं. ते कपाटाची मूठ बसवत होते. हात थांबला नाही. विचारलं की त्याने मागून घेतली की त्यांनी दिली. मी म्हटलं, दिली. विचारलं, मास्तरांना माहीत आहे का. मी म्हटलं, मास्तरांनीच घे म्हणून सांगितलं. त्यावर ते स्क्रू पिळत राहिले, इतका की फळीला चीर गेली. मग म्हणाले की मास्तरांनी सांगितलं असेल तर त्याने योग्य केलं. मी सुटकेचा श्वास घेणार, तेवढ्यात म्हणाले की पण पाठ फिरवायची.

शुक्रवारी फाटकावर कागद लागला. संध्याकाळी सलूनवाला आणि कंडक्टर आले. चपला दारातच काढून, कोणी आजारी असल्यासारखे दबक्या आवाजात म्हणाले की काका, आता हे सोडून देऊ, सगळ्यांना समजतंय. बाबांनी त्यांना बसवलं, चहा दिला आणि सांगितलं की परका असता तर फिरवली असती की नाही? मग आपला म्हणून सूट दिली, तर आपण मास्तरांसाठी काहीच केलं नाही, नुसता आरडाओरडा केला. आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले की लिहिणाऱ्याने विचार करूनच लिहिलं असेल. ताई, लिहिणाऱ्याने अनुप्रासाचा विचार केला होता.

रविवारी गेलो. शिट्टी झाली आणि सबंध स्टँड वळला. समोर सिमेंटच्या पायऱ्या आणि आपल्याहून वरच्या माणसांच्या पाठी. आम्ही नेहमीप्रमाणे पहिल्या रांगेत, मैदानाला अगदी लागून, चादर कठड्याला बांधलेली. मला वाटलं होतं की बाबा ताठ उभे राहतील. पण पाठ फिरल्यापासून त्यांचं तोंड थांबेना. बसलाय की उभा आहे? हात मागे बांधलेत का? मास्तर बसायचे. पाणी प्यायला का? मी म्हटलं, मला कसं दिसणार. म्हणाले की तू जरा बघ, तुझी मान बारीक आहे.

मधेच समोरच्या स्टँडमधून मोठा आवाज उठला. आपण गोल केला होता. आमच्या स्टँडमधल्या एकानेही तो पाहिला नाही. सलूनवाला अजून येईल त्या गिऱ्हाइकाला विचारतो की कसा होता, डाव्या पायाने का? त्या आवाजाला बाबांनी माझं कोपर धरलं आणि म्हणाले, बघ, बघ, काय करतोय तो.

मी वळलो. धाकटा कडेच्या रेषेपाशी उभा होता. सगळी पोरं एकमेकांच्या अंगावर पडत होती आणि हा मैदानाकडे पाहत नव्हता, आमच्या रांगेकडे पाहत होता. बघणार नाही म्हणाला होता, पण बघत होता. मी त्याच्यापासून आपल्या जुन्या अंगणाच्या रुंदीइतका लांब असेन. नजरानजर झाली. तो हसायला लागला होता, ताई. अर्धवट.

आणि मी परत पाठ फिरवली. का, ते मला सांगता येणार नाही. सगळे उभे होते तसा उभा राहिलो. बाबांना सांगितलं की तो खुशीत आहे.

मध्यंतराला सगळे वळले. बाबांनी दुसरा अर्धा भाग पापणी न लवू देता पाहिला. शेवटी बरोबरी झाली. बाबांनी टाळ्या वाजवल्या, सगळ्यांच्या नंतरही वाजवत राहिले. पण त्याने पुन्हा आमच्याकडे पाहिलं नाही. सामना संपल्यावर मास्तर आमच्या स्टँडखालून हात वर करून जायचे. हा समोरून, पलीकडच्या बाजूने आत गेला.

बाबांचं मन साफ झालंय. दिलेला शब्द पाळला, प्रकरण संपलं. रविवारपासून रोज त्याचं पान मांडतात आणि रस्त्यावर पावलं वाजली की उठून दारापर्यंत जातात. म्हणतात, कामात असेल, येईल. मी दोनदा त्याच्या खोलीवर गेलो. एकदा आत दिवा होता. मी हाक मारली, तर दिवा तसाच राहिला आणि दार उघडलं नाही.

तू त्याला फोन कर. माझ्याबद्दल काही सांगू नकोस, नुसता कसा आहे विचार. लोभ असू दे असं तुला कधी मनापासून लिहावं लागलं नव्हतं, आज लिहितो. बाबांची मला काळजी नाही. त्यांनी पाठ फिरवली ती मास्तरांसाठी, आणि ते धाकट्याला कळतं. मी मात्र त्याच्याकडे पाहून मग फिरवली. तो आता या घरी येणार नाही, अशी मला भीती वाटते.

तुझा,
पंडित