दुखण्याचा आकडा: शून्य

मंगळवार, २ डिसेंबर २०२५. सकाळी ११.४०.
वेळ घड्याळात बघून टिपली, पुढे लागेल. धुळ्याच्या संशोधन केंद्रात या मिनिटाला भूषण नावाच्या कोऑर्डिनेटरने मला सांगितलं, "आजी, तुम्ही ट्रायलमध्ये बसत नाही."
आजी! मला मूल नाही, नातू कुठून आला?
अपचनावरच्या नव्या गोळीचा अभ्यास आहे. मी स्वतः पेपरात वाचून नाव दिलं. एकोणीस पानी संमतीपत्रातल्या तेवीस चुका लाल पेनाने दुरुस्त करून दिल्या. आभार नाहीत. घशातून नळी घातली, पोटातला तुकडा काढला, मी हूं की चूं केलं नाही. मग चौदा दिवस रोज संध्याकाळी दुखण्याचा आकडा लिहायचा होता, शून्य ते दहा. मी चौदाही दिवस शून्य लिहिलं. भुसावळच्या कॉन्व्हेंटमध्ये कण्हणाऱ्या मुलीला बाकावर उभं करत. आम्ही कण्हायला शिकलोच नाही.
आता म्हणतात, चारच्या खालचे घेत नाही, ज्याला दुखतच नाही त्याला गोळी कशाला? म्हणजे रडक्यांना प्रवेश, आणि शिस्तीच्या माणसाने धुळे-जळगाव बस पकडायची.
तुकड्याचा रिपोर्ट आला की फोन करतो म्हणाला. मी बजावलं, फोन नको, लेखी कळवा. चौतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक कॉल जोडलेत. माणसं फोनवर काय कबूल करतात आणि रिसीव्हर ठेवल्यावर काय नाकारतात, ते मला विचारा.
संकल्प: महिन्याभरात ट्रायलमध्ये शिरून दाखवणे.

गुरुवार, ४ डिसेंबर
कोरा फॉर्म मागून आणला होता. आजच्या तारखेपुढे पाच लिहायला बसले. हात शून्यच काढतो. पेन खराब. उद्या.

सोमवार, ८ डिसेंबर
धुळ्याचा नंबर दोनदा वाजला. उचलला नाही. लेखी म्हणजे लेखी.
स्वयंपाकाच्या मंजुळाबाई अमळनेरकडच्या. रोज ताट उचलताना तेच: "अक्का, ताटमा बठ्ठं तसंच शे!" मी सांगितलं, चव असती तर नसतं राहिलं. त्यावर म्हणाल्या, सहा वर्षं हीच चव होती, तेव्हा तुम्ही बोटं चाटत होतात. नोकरमाणसाने एवढं बोलू नये.
बांगडी हातातून निसटून वरणात पडली. सोनाराने माप चुकवलं असणार, १९८८ साली.

रविवार, १४ डिसेंबर
असोद्याला भरीत. रूपाच्या, म्हणजे माझ्या भाचीच्या, सासरच्यांचं शेत. वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजली, लाकडी बडगीत कुटली, वर हिरवी मिरची. निश्चय एक चमचा चाखायचा होता, पण रूपाचे सासरे चुडामणनाना सगळ्यांसमोर म्हणाले, "ताई भरताला घाबरतात, कॉन्व्हेंटच्या ना!" मग भरताबरोबर दोन पुऱ्या खाल्ल्या. अपमान गिळून घेणाऱ्यांतली मी नव्हे.
अर्ध्या तासात शेताच्या बांधामागे सगळं बाहेर. थोडं काळं होतं. भाजलेल्या वांग्याचं साल असणार. वांगी सोललेली होती, पण एखादं राहतं.
आकडा: शून्य.

बुधवार, १७ डिसेंबर
रूपा रडवेली होऊन आली. भूषणने तिला फोन केला, अर्जात मीच तिचा नंबर दिला होता. "आत्या, ते म्हणतात, पेशंटला सोबत घेऊन या. चल ना गं, उद्याच जाऊ." कशासाठी, ते भूषण सांगत नाही म्हणे.
मला कळलं. फेरविचार झाला, निवड झाली. नाहीतर इतक्या मनधरण्या कोण करतं? रूपाला म्हटलं, त्यांना थोडं थांबू दे. निवडपत्र पाठवतील, मग जाऊ. ती म्हणाली, "तुझ्यापुढे डोकं आपटलं तर भिंत फुटेल, तू नाही." लाघवी मुलगी होती, सासरी बिघडली.

शुक्रवार, २६ डिसेंबर
रजिस्टर पत्र आलं. निवडपत्र नाही.
मजकूर: आपणास अकरा वेळा फोन केला. तुकड्यात जठराचा कॅन्सर आढळला आहे. तातडीने यावे. दोन चुका आहेत पत्रात. लाल पेन हाताशी होतं, उचललं नाही.

मंगळवार, ३० डिसेंबर
धुळे, रूपासोबत. स्कॅन केला. डॉक्टर पुनीत तरुण आहेत, टाय नीट बांधतात. यकृतात पसरलंय, ऑपरेशन होणार नाही म्हणाले. औषधांनी थोडा वेळ मिळेल, फार नाही. ट्रायलबद्दल विचारलं. ती साध्या अपचनासाठी आहे, मॅडम.
मॅडम म्हणाले. मला बरं नाही वाटलं.
मग म्हणाले, "तुम्ही सुरुवातीलाच खरा आकडा सांगितला असता, तर..." आणि थांबले. मी म्हटलं, वाक्य पूर्ण करा. त्यांनी रूपाकडे पाहिलं. भूषणने पाण्याचा ग्लास पुढे केला, "घ्या आजी." मी घेतला.

सोमवार, ५ जानेवारी २०२६. दुपारी ४.१०.
मंजुळाबाईंनी पेज भरवली. दोन चमचे. उरलेली वाटी झाकून ठेवली.
धुळ्याला पाठवायचा मजकूर, कच्चा:
डॉक्टरांनी ३० तारखेचं आपलं वाक्य पूर्ण करून द्यावं. कोरा फॉर्म भरून सोबत जोडला आहे. आजचा आकडा नऊ. २ डिसेंबरलाही सातच्या खाली नव्हता. हा आकडा धरून माझ्या अर्जाचा फेरविचार व्हावा.
मध्ये फोन आला तर मी उचलीन. पण उत्तर लेखीच हवं, मंगळवार, २० जानेवारी, सायंकाळी पाचच्या आत.