गुरुवारी कारखाना बंद असतो

भोसरी,
८ ऑगस्ट २०२५

तीर्थस्वरूप कुसुमताईस,
ज्योतीरामचा शि. सा. न. वि. वि.

काल त्या मॅडमकडे जाऊन आलो. त्याचा खरा खर्च आधी सांगतो. फी बाराशे, ती सगळ्यांत स्वस्त पडली. कारखान्यात नवनाथला सांगितलं होतं की दातांच्या डॉक्टरकडे चाललोय. तो भला माणूस, आज माझ्यासाठी डब्यात मऊ खिचडी घेऊन आला. बाकी सगळे भाजलेली कणसं खात होते आणि मी मालक असून खिचडी गिळत होतो. माझी गाडी कुणी ओळखेल म्हणून चिंचवडला रिक्षानं गेलो, तर रिक्षावाला आपल्या खेडचा निघाला. त्यालाही दातच सांगितला. म्हणजे बाराशे रुपये, एक कणीस आणि धडधाकट दाढेची दोनदा बदनामी.

तुला फोनवर ऐकू येत नाही, आणि मी ओरडून सांगितलं तर राजगुरुनगरची निम्मी बाजारपेठ ऐकेल, म्हणून हे पत्र. दोनदा ईसीजी काढला, दोन्ही वेळा हृदय ठणठणीत. मग या मॅडम कसल्या, तर मनाच्या. गुरुवारी कारखाना बंद असतो, घरी बसलो की छातीवर कुणी पोतं ठेवल्यासारखं होतं, हात गार पडतात, घाम फुटतो. शुक्रवारी मशीन सुरू झाल्या की मी पुन्हा ठीक. स्वरूपाला बंगळूरला नोकरी लागली आहे, पंधरा सप्टेंबरला हजर व्हायचंय. पण पप्पांना एकट्यानं गुरुवार काढता येतो अशी खात्री पटल्याशिवाय ती हलणार नाही म्हणते. तिची नोकरी माझ्या छातीपायी जाणं मला चालणार नाही. चाकणच्या कंपनीला माल पाठवताना आपण खोक्यावर 'ओके' चिकटवतो, तसला एक कागद मला मॅडमकडून हवा आहे, बस्स.

आधी पोरीनं मोबाईलवर बैठक ठरवली होती. मी कारखान्यातूनच बोललो, मागं प्रेस चालू. मॅडमना माझं काही ऐकू जाईना, म्हणाल्या, समोरच या. मग मी तयारी केली. कंपनीचा ऑडिटर यायचा असला की आदल्या दिवशी आपण जमिनीवर पिवळे पट्टे मारतो, बोर्ड पुसतो, रिजेक्ट माल कॉम्प्रेसरमागं ताडपत्रीखाली ढकलतो. तसाच केस कापून, इस्त्रीचा शर्ट घालून, उत्तरं पाठ करून गेलो. झोप? उत्तम. भूक? उत्तम. तक्रार? पुण्याच्या ट्रॅफिकची.

आत भानगड काही नाही. एक फॉर्म भरायचा. इथलं बोलणं बाहेर जात नाही, जिवावर बेतलं असेल तरच सांगावं लागतं, हे त्या आधीच सांगतात. दोन खुर्च्या, कुठल्याही बसा म्हणाल्या. मी दाराकडे तोंड करून बसलो. टेबलावर कागदी रुमालांचा डबा होता, मी हातसुद्धा लावला नाही. खोली इतकी शांत की घशात थुंकी उतरलेली ऐकू यावी. मी उत्तरं दिली की त्या गप्प बसत. ऑडिटर गप्प बसला की समजायचं, माल पास.

ताई, तुला ठाऊक आहे, कारखान्याच्या दारात उभा राहून मी सांगतो कुठल्या मशीनचं बेअरिंग गेलंय. एका भाड्याच्या लेथपासून इथवर या कानांवर आलो. लोखंडाचं दुखणं ज्याला ऐकू येतं, त्याला स्वतःचं सांगायला दुसरं माणूस लागत नाही. तरी पुढच्या गुरुवारी या म्हणाल्यात. कागद तेव्हाच देतील.

दाजींना नमस्कार. लोभ आहेच, तो असाच चालू ठेवावा, मध्ये सुट्टी घेऊ नये.
तुझा,
ज्योतीराम


राजगुरुनगर,
१३ ऑगस्ट २०२५

चि. ज्योतीरामास,
ताईचे पोटभर आशीर्वाद.

पत्र पोचलं. तुझे दाजी मोठ्यानं वाचाया लागले, तर मीच हातातून घेतलं. त्यांचा आवाज मला येत न्हाई, पण शेजारच्या सुमनताईला येतो. आमी सगळी बरी हाय. भुईमूग चांगला हाय, म्हशीनं मात्र लाथा मारायचं नवीन शिकून घेतलंय.

बाबा, तू पत्रात कणीस लिवलंस, रिक्षावाला लिवलास, कॉम्प्रेसरमागची ताडपत्री लिवलीस. चार पानांत रुक्मिणीचं नाव कुठं न्हाई. बायको जाऊन वरीस होत आलं तुझी. माझे कान गेल्यात, पण एवढं मला ऐकू आलं. तिच्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी तू कारखाना सुरू केलास, आन् तवापासून गुरुवार तेवढा आडवा येतो तुला. कारखान्यात मशीन बोलतंय. घरात कोण बोलणार?

त्या बाईला ऑडिटर समजू नगंस. ऑडिटरला माल दाखवून तू पैका घेतोस, हितं तूच पैका मोजून ताडपत्री दाखवून आलास. असला धंदा तू आजवर केला न्हाईस. पुढल्या बारीला ताडपत्री काढ.

दाढंला जप. खिचडी चांगली असती, मला आवडती.

आशीर्वाद कमी पडले तर कळव, इकडं मुबलक हायेत.
तुझी,
ताई


भोसरी,
२२ ऑगस्ट २०२५

ती. कुसुमताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी कारखान्यात वाचलं, ती चूक झाली. नवनाथनं तोंड बघितलं आणि दाढ काढायचीच का म्हणून विचारलं. काल परत जाऊन आलो. मधल्या गुरुवारीही गेलो होतो, ते सांगायचं राहिलं, कारण सांगण्यासारखं काही घडलं नाही. पास झाल्यासारखा बोललो, पन्नास मिनिटं झाली, उठलो.

काल मात्र सर्टिफिकेटचं सरळ विचारलं. मॅडम हसल्या नाहीत, त्यामुळे मला जास्त लाजल्यासारखं झालं. म्हणाल्या, असं कुणाला पास-नापास करायला त्या बसलेल्या नाहीत, आणि तसा कागद दिला तरी तो खोटाच ठरेल. मग विचारलं, गुरुवारी घरात काय ऐकू येतं. मी म्हटलं, काहीच नाही. त्या म्हणाल्या, काहीच नाही, म्हणजे पूर्वी काय ऐकू यायचं? मी सांगायला तोंड उघडलं आणि ताई, पाठ केलेलं एकही उत्तर जवळ नव्हतं. मग रुक्मिणीच्या बांगड्यांपासून ते दुपारच्या तिच्या मालिकेपर्यंत सगळं सांगितलं, तेही विनापट्ट्याचं, विनारंगाचं. चष्मा पुसायला डब्यातले दोन कागद घ्यावे लागले.

आता गृहपाठ दिला आहे. ज्या खोलीत बसवत नाही तिथं, चहा संपेपर्यंत, टीव्ही-मोबाईल बंद करून बसायचं आणि काय ऐकू आलं ते पुढच्या वेळी सांगायचं. घाबरल्यासारखं झालं तर पळायचं नाही, पाय जमिनीला टेकवून सावकाश श्वास सोडायचा. बाराशे रुपये घेऊन चहा प्यायला सांगणारी बाई मी प्रथमच बघितली. आमची ती खोली म्हणजे स्वयंपाकघर. काल संध्याकाळीच बसलो. मिक्सर चालू ठेवला होता, रिकामा. स्वरूपानं येऊन बंद केला. मग चहा अर्धा तसाच टाकून मी अंगणात पळालो. पोरीनं ते बघितलं. आता ती बंगळूरला नकार कळवते की काय, या भीतीनं झोप नाही. ही झोप मात्र खरी सांगितली.

दाजींना नमस्कार. रागावू नये, आणि रागावलीस तरी पत्र पाठवावं.
तुझा,
ज्योतीराम


राजगुरुनगर,
३० ऑगस्ट २०२५

चि. ज्योतीरामास,
गणपती घरात हायेत, त्यांच्या वाटणीचेही आशीर्वाद तुलाच.

तुला चष्मा कधी लागला ते कळव. दाजींना म्हटलं, ज्योतीराम चष्मा लावाया लागला, तर ते हसत सुटले.

एक सांगते. पोरीला 'ओके' दाखवत बसू नगंस. तिनं रिकामा मिक्सर बंद केला, ती काय 'ओके'ला भुलणार हाय व्हय? आईविना पोर हाय, तिला बाप लपवून ठेवलेला दिसतोय, त्यानंच ती भ्याली. हात गार पडत्यात तर तिच्या हातात दे, बघू दे किती गार हायेत. मग जाईल. न्हाई गेली तर मी येते भोसरीला ऱ्हायला, मग तुला शांतता कुठली मिळतीया.

मोदक धाडते. दाढ सांभाळून खा.
तुझी,
ताई


भोसरी,
१९ सप्टेंबर २०२५

ती. कुसुमताईस,
शि. सा. न. वि. वि.

मोदक पोचले. नवनाथला दोन दिले आणि दाढेचं खरं काय तेही सांगितलं. तर तो म्हणाला की त्याची बायकोसुद्धा मागच्या वर्षी अशाच एका मॅडमकडे जायची, आणि घरी शिवणाचा क्लास सांगितला होता. आमच्या शेडमध्ये किती दाढा आणि किती क्लास आहेत, देव जाणे.

तू सांगितलंस तसं केलं. एका गुरुवारी स्वरूपाला समोर बसवलं आणि म्हटलं, बघ, आता येतंय. तिनं माझा हात धरला, फ्रीजमधून काढल्यासारखा गार आहे म्हणाली. मी घाबरलेला होतो ते लपवलं नाही. थोड्या वेळानं ते आपोआप ओसरलं. तिनंही ते बघितलं. त्याच रात्री तिनं माळ्यावरची बॅग काढली. महिनाभर मी तिला 'ओके' दाखवत होतो तर हलत नव्हती, रिजेक्ट माल दाखवला तर गाडीचं तिकीट काढलं. चौदाला ती गेली. स्टेशनवर डोळे पुसता पुसता दोघंही बरेच हसलो, कारण निमित्ताला आमच्या दोघांकडेही चष्मा नव्हता.

काल पहिला एकट्याचा गुरुवार. सकाळी मॅडमकडे जाऊन आलो आणि दुपारी स्वयंपाकघरात बसलो. मिक्सर बंद, टीव्ही बंद. पोतं छातीवर आलं. पाय टेकले, श्वास सोडला, चहा पीत राहिलो. आणि त्या शांततेत मला आवाज आला, टप्, टप्, एकसारखा. आधी वाटलं, छातीच वाजतेय. मग नेहमीसारखे कान लावले. फ्रीज नाही, घड्याळ नाही. ओट्याचा नळ. वॉशर गेलाय, हे बसल्या जागेवरून ओळखलं. तेवढ्यात चहा संपला होता आणि पोतंही उतरलं होतं. तेव्हा कान शाबूत आहेत, काळजी करू नये. पुढच्या गुरुवारीही मॅडमकडे जायचं आहे, या वेळी स्वतःची गाडी घेऊन.

दाजींना नमस्कार. लोभ ठेवावा. पत्रं येत राहिली तर घरात तेवढाच आवाज.
तुझा,
ज्योतीराम

ता. क. पाकिटाला डिंक लावायच्या आधी स्वरूपाचा फोन आला. नळाची बातमी तिला मोठ्या ऐटीत सांगितली. ती म्हणाली, तो नळ दोन वर्षं गळतोय. त्याला जी चिंधी बांधली आहे, ती आईनं बांधलेली आहे.